जामखेडचे चार दिवस

दिवाळी आटोपली की आमच्या सोसायटीतली मंडळी बॅगा भरू लागतात. कुणी महाबळेश्वरला, कुणी कोकणात, आणि ज्यांचे जरा बरे चालले आहे ती थेट केरळात. गेल्या वर्षी मी जामखेडला चालले आहे असे सांगितल्यावर शेजारच्या वहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘तिथे हो काय आहे बघण्यासारखे?’ त्यांनी विचारले. मला तरी कुठे ठाऊक होते! माझी थोरली मावसबहीण तिथे शाळेत शिकवते. तिची चार वर्षांची बोलावणी थकली होती, आणि मला मुंबईपासून दूर कुठेतरी जाऊन नुसते झोपायचे होते. त्या प्रवासाचे प्रयोजन एवढेच.

शिवाय माझ्या पर्समध्ये एक पाकीट होते. त्यात राजीनामा लिहून ठेवलेला होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

मी नर्स आहे. मुंबईतल्या एका सूतिकागृहात बावीस वर्षे बाळंतपणे करते आहे. पहिली शंभर मी हौसेने वहीत मांडून ठेवली होती. पुढे वही संपली आणि हौसही ओसरली, पण काम आवडत होते. पहाटे चारला बाळाचा पहिला ट्यांहा ऐकला की अंगातला शीण उतरत असे. बाहेर ताटकळलेल्या आजीला ‘सुटली हो बाई सुखरूप’ असे सांगताना आपणच कुणीतरी मोठे झाल्यासारखे वाटे. माझ्या हाताला यश आहे असे लोक म्हणत. बावीस वर्षे ऐकल्यावर मलाही ते खरे वाटू लागले होते.

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री ते यश गेले. चोवीस वर्षांची मुलगी, दुसरे बाळंतपण, सगळे सुरळीत. बाळ झाले, वार पडली, आणि मग रक्त थांबेना. बाळंतपणानंतर गर्भाशयाने मुठीसारखे आवळून घ्यायचे असते. ते सैल राहिले तर रक्तस्राव होतो. बाळंतिणीच्या रक्तस्रावाचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर आणि त्याहूनही अधिक रक्त खेळत असते, एवढे सांगितले म्हणजे त्या घाईची कल्पना येईल. इंजेक्शन, सलाइन, पोट चोळणे, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, सारे झाले. मोठ्या इस्पितळाच्या दारात ती गेली.

रीतसर चौकशी झाली. ‘हलगर्जीपणा आढळला नाही’ असा शेरा कागदावर आला. पण माझ्या मनात तो शेरा उतरेना. मला रक्त आधी दिसायला हवे होते का? माझ्या जागी दुसरी असती तर? पुढे पुढे तर पोटावर हात ठेवायचीच भीती वाटू लागली. एकच ठोका तीनतीनदा मोजायची. साध्या बाळंतपणाला डॉक्टरांना झोपेतून उठवायची. आणि याच्या उलट कधी कधी काहीच वाटेनासे व्हायचे. बाळ रडे, आई हसे, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी. त्याची मला अधिक भीती वाटली.

माझा भाचा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘मावशी, याला नाव आहे.’ काम करून करून माणूस आतून जळून कोळसा होतो. त्या अवस्थेविषयी हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली लिहिले, आणि 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून तिची नोंद घेतली. उपचारात काही चुकले की पहिला बळी रुग्ण, आणि दुसरा बळी उपचार करणारा, असे अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरने 2000 साली लिहून ठेवले आहे. भाच्याचे हे पांडित्य मी ऐकून घेतले. दुखण्याला नाव मिळाले की थोडे बरे वाटते खरे. पण नावाने ताप उतरत नाही.

माझ्या सोबतिणी वाईट होत्या असे मुळीच नाही. एकीने ‘सिस्टर, विसरा आता’ म्हटले, दुसरी रोज डब्यातली भाजी वाढी. पण त्या रात्रीविषयी कुणी अक्षर काढले नाही. आमच्यात ती रीतच आहे. अशा रात्रीचे नाव घेतले तर ती उद्या आपल्या पाळीला येऊन उभी राहील, असे प्रत्येकीला वाटत असते.

असो. प्रवासाचे सांगायचे ते राहूनच गेले.

नगरपर्यंतचा प्रवास मी झोपेत केला. नगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, 2024 सालापासूनचे अहिल्यानगर, पण एस.टी.तले कंडक्टर अजून नुसते ‘नगर’च म्हणतात. तिथून जामखेड सुमारे पाऊणशे किलोमीटर. या रस्त्याची एक गंमत आहे. तो मध्येच नगर जिल्हा सोडून बीड जिल्ह्यात शिरतो, कडा आणि आष्टी ही गावे दाखवतो, आणि पुन्हा नगर जिल्ह्यात येऊन जामखेडला पोचतो. हा मुलूख पर्जन्यछायेतला. डोंगर आहेत ते बालाघाटचे, बोडके आणि बसके. रानात ज्वारी हातभर उंच झाली होती. समोरून ट्रॅक्टर येत होते, आणि त्यांच्या मागच्या ट्रॉलीत बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे: पत्रे, भांडी, शेळी, कोंबड्या आणि माणसे. ऊसतोडीला चाललेली. एका ट्रॉलीत भरल्या दिवसांची एक पोरगी पोत्याला टेकून बसली होती. सवयीने माझी नजर तिच्या पोटाकडे गेली, आणि सवयीनेच मी ती काढून घेतली.

ताईने आणि भावोजींनी पहिले दोन दिवस मला स्थळे दाखवण्यात घालवले. जामखेडला काही नाही असे म्हणणाऱ्या वहिनींसाठी ती मुद्दाम सांगते. जवळच चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. 1725 साली त्या इथे जन्मल्या. नवरा गेला, मुलगा गेला, आणि त्यानंतर त्यांनी अठ्ठावीस वर्षे कारभार केला. खर्ड्याचा किल्लाही याच तालुक्यातला. 1795 साली मराठ्यांनी निजामाला हरवले ती लढाई खर्ड्याची, आणि अहिल्याबाई निवर्तल्या तेही त्याच वर्षी. बीडच्या रस्त्यावर सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली दरीत उडी घेते. पाणी ओसरले होते, तरी दरी पाहण्याजोगी. मी हे सगळे पाहिले. ‘वा’ म्हणायचे तिथे ‘वा’ म्हटले. मनात मात्र काही हलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताईकडे एक आजी आल्या. सत्तरी उलटलेली, नऊवारी लुगडे, कपाळावर गोंदण, हातात ताकाची किटली. ताईने ओळख करून दिली, ‘ही माझी बहीण, मुंबईला नर्स आहे. बाळंतपणं करते.’ आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, ‘मंग आपुन एकाच धंद्यातल्या की!’

मला हसू आले. माझ्यापाशी तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि आजींना सहीपुरते लिहिता येते. पण मग ताईने जे सांगितले त्याने माझे हसू मावळले.

1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. मोठ्या शहरात बंगला बांधून राहता आले असते, ते या दुष्काळी मुलखात येऊन राहिले. तेव्हा इथे जन्मलेल्या हजार मुलांतली पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी आधी शिकलेल्या सहायक परिचारिका खेड्यांत नेमून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात त्यांचा जीव रमेना आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. त्यांना बाळंतपण, बाळाची निगा, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी, असे एकेक शिकवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या गावांतले बालमृत्यूचे प्रमाण हजारी वीस-पंचवीसवर आले होते. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 साली गेल्या आणि डॉक्टर 2011 साली. 2005 साली सरकारने गावोगाव ‘आशा’ नेमायचे ठरवले, त्या कल्पनेमागेही जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

म्हणजे जिथे माझ्यासारख्या शिकलेल्या हरल्या, तिथे या आजी उभ्या राहिल्या होत्या. मी मुकाट्याने त्यांच्या हातातली किटली घेतली आणि त्यांना पाट मांडला.

‘उद्या आमच्या दोघी-तिघी जुन्या मैतरणी यायच्यात,’ जाताना आजी म्हणाल्या, ‘तुमी बी या.’

आजींचे गाव जामखेडपासून चार-पाच मैलांवर. अंगणात लिंबाचे झाड, खाली सतरंजी. आम्ही पाचजणी बसलो: आजी, त्यांच्या दोन मैत्रिणी, गावातली तरुण आशाताई आणि मी. आता गावात बाळंतपणे अशी होत नाहीतच. 2019 ते 2021 सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. आशाताई बायकांना वेळेवर दवाखान्यात नेते, आणि म्हाताऱ्या तिला चार गोष्टी सांगतात. पण त्यांचे जमणे काही सुटलेले नाही.

‘पूर्वी आठवड्याच्या आठवड्याला जमायचो जामखेडात,’ आजी म्हणाल्या. ‘रातच्याला तितंच ऱ्हायचो. मराठ्याची, म्हाराची, मांगाची, समद्या एका पंगतीला. पयल्यांदा घास गिळंना! मंग थंडीत एका वाकळंत दोघी-दोघी निजाय लागलो. वाकळंत शिरल्यावर जात कुटली?’

‘शिकवत काय?’ मी विचारले.

‘शिकवायचं त्ये शिकवायचेच. पर आदी इचारायचे, या आठवड्याला कुनाचं काय चुकलं?’

मी चमकले. आमच्याकडे हा प्रश्न विचारतात तो स्पष्टीकरण मागताना. त्याचे उत्तर दोन प्रतींत लिहून द्यावे लागते.

मग आजींनी स्वतःची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांहून जुनी. त्यांच्याच गल्लीतली एक सून, रात्रीची वेळ, आडवे मूल. बैलगाडी जुंपून निघाल्या, पण वाटेतच ती गेली. दुसऱ्या दिवशी आजींनी औषधांची पेटी कोनाड्यात ठेवली आणि दार लावून घेतले. एक आठवडा गेल्या नाहीत, दुसरा गेल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्याला या मैत्रिणी चालत त्यांच्या घरी आल्या.

‘मला वाटलं, समजूत काडाया आल्यात,’ आजी म्हणाल्या. ‘पर ह्यांनी समजूत काडलीच न्हाई. ही म्हनली, काय झालं त्ये पयल्यापासून सांग. मी सांगत ग्येले. ही दर खेपंला म्हनायची, मी बी ह्येच क्येलं असतं. ह्येच क्येलं असतं. आन् एका जागी गप ऱ्हायली. मंग म्हनली, इतं मी गाडी आदी जुंपली असती.’

शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मान हलवली. ‘सांजच्यालाच जुंपाय पायजे व्हती,’ ती आजही तशीच शांतपणे म्हणाली.

‘तुम्हाला राग नाही आला?’

‘राग कशाचा? तीन आठवडं मला वाटत व्हतं समदंच माजं चुकलं. तिनं सांगितल्यावर समजलं, एवडंच चुकलं. एवडं उचलता येतं की, बाई. फुडं कुटं बी मूल आडवं दिसलं की मी आदी गाडी जुंपायची.’

अंगणात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आजींनी माझ्याकडे वळून अगदी सहज विचारले, ‘तुमचं कवा झालं?’

त्यांना कुणी सांगितले होते? ताईने सांगितले नव्हते, कारण ताईलाही ठाऊक नव्हते. पण विणणाऱ्याला दुसऱ्याच्या हातातला सुटलेला टाका दिसतो, तसेच काहीतरी असावे. मी आधी ‘काही नाही’ म्हटले. मग म्हटले, ‘श्रावणात.’

‘पयल्यापासून सांगा.’

मी सांगू लागले. चौकशीत सांगितले होते तसे नव्हे. पाऊस कसा पडत होता, त्या मुलीने मला ‘मावशी’ कशी हाक मारली, बाळाच्या डोक्यावर जावळ किती होते, इथपासून. आजी मध्येमध्ये विचारत होत्या. वार समदी पडली का? पोट कसं लागत व्हतं हाताला? प्रश्न अगदी नेमके; आमच्या बड्या डॉक्टरांनी विचारावे असे. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी म्हणे, ‘बरोबर. आमी बी ह्येच क्येलं असतं.’

मग आशाताईने विचारले, ‘सिस्टर, त्या वेळेला खोलीत तुम्ही किती जणी होता?’

‘मी एकटी. दुसरी सिस्टर पलीकडच्या बाईपाशी, आया बाळाला घेऊन गेलेली.’

‘मग हाक कधी मारली तुम्ही?’

मी थांबले. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. की विचारायचे टाळले होते, देव जाणे. पोट सैल लागल्यावर मी लगेच हाक मारली नव्हती. मी एकटीच चोळत राहिले होते. हाताला यश असलेली सिस्टर ना मी! अशा कितीतरी जणी मी एकटीने सावरल्या होत्या. दोन मिनिटे, कदाचित तीन. मग घंटा वाजवली.

‘इतं मी आदी हाक मारली असती,’ आजी म्हणाल्या.

एवढेच. त्या रागावल्या नाहीत, आणि ‘जाऊ द्या’ असेही म्हणाल्या नाहीत. त्या तीन मिनिटांनी ती मुलगी वाचली असती का? ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्या अंगणात कुणी सांगण्याचा प्रयत्नही केला नाही. पण श्रावणापासून मी अख्खी रात्र डोक्यावर घेऊन हिंडत होते. तिच्यातली तीन मिनिटे माझी होती. बाकीची रात्र माझी नव्हती. मी पदर तोंडाला लावला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडले. आशाताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. वयाने ती माझ्या मुलीएवढी.

थोड्या वेळाने आजी उठल्या. ‘चला, भाकरी गार व्हती,’ म्हणाल्या. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची आमटी. दोन भाकरी मी कधी संपवल्या ते कळले नाही.

चौथ्या दिवशी परतीच्या एस.टी.त बसले तेव्हा ट्रॅक्टर तसेच जात होते. यावेळी मी ट्रॉलीतल्या बायकांकडे पाहिले. नीट पाहिले.

मुंबईत आल्यावर सगळे पालटले असे मी म्हणणार नाही. महिनाभर पोटावर हात ठेवताना बोटे थरथरतच होती. पाकीट पर्समधून काढून कपाटात ठेवले; फाडले नाही, अजून आहे. पण एक गोष्ट केली. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची पाळी सुटल्यावर, ड्यूटीरूममध्ये ज्यांना थांबायचे आहे त्यांनी थांबायचे. वही नाही, इतिवृत्त नाही, सह्या नाहीत. बोलेल ते त्या खोलीबाहेर न्यायचे नाही. पहिल्या शनिवारी मी धरून चौघी होतो. माझी रात्र मीच सांगितली, तीन मिनिटांसकट. कुणी काही बोलेना. मग सगळ्यांत ज्येष्ठ सिस्टर, जिच्या हातून चूक होऊ शकते असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते, चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, ‘माझी 2009 सालची आहे.’ सोळा-सतरा वर्षे तिने ती कुणाला सांगितली नव्हती.

आता कधी सहा असतात, कधी तीन. एका शनिवारी कुणालाच काही सांगायचे नव्हते. आम्ही नुसती भेळ खाल्ली. एक नवी मुलगी ‘मला नाही जमणार हे काम’ म्हणत आली होती. तिला आम्ही ‘जमेल ग’ असे म्हटले नाही. काय झाले ते पहिल्यापासून सांग, म्हटले. ती अजून आहे. आणि आमच्या लेबर रूममध्ये एक नवा नियम झाला आहे, तो कुठल्याही परिपत्रकात नाही: पोट सैल लागले की आधी हाक मारायची. बावीस वर्षांच्या सिस्टरनेसुद्धा. त्यातल्या त्यात तिने तर आधी.

तेव्हा, वाचकहो, जामखेडला पाहण्यासारखे काय आहे, या वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे लांबले. चौंडी पाहा, खर्डा पाहा, पावसाळ्यात गेलात तर सौताडा पाहाच. आणि एखाद्या अंगणात चार म्हाताऱ्या लिंबाखाली बसलेल्या दिसल्या, तर घाईने पुढे जाऊ नका.

येत्या लक्ष्मीपूजनाला माझी रात्रपाळी आहे. त्या रात्री फटाक्यांच्या आवाजात बाळांची रडणी ऐकू येत नाहीत, म्हणून आम्हाला जास्त जवळ उभे राहावे लागते. या खेपेला ती पाळी मी स्वतः मागून घेतली आहे.